दात पडला, गाल सुजला, दाढ ठणकली: दवाखाना गाठेपर्यंत काय करायचं

दाताच्या बाबतीत घाई किती करायची हे आपण दुखण्यावरून ठरवतो आणि तिथेच चुकतो. रात्री दोन वाजता दाढ ठणकायला लागली की आभाळ कोसळल्यासारखं वाटतं, पण ती दाढ बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबू शकते. उलट दहीहंडीच्या सरावात कुणाचा गुडघा तोंडावर बसला आणि पुढचा दात मुळासकट बाहेर आला, तर त्या मानाने दुखतं कमी. पण त्या दाताचा वेळ मिनिटांत मोजायचा असतो. आणि चार दिवस छळणारी दाढ एकाएकी गप्प झाली, वर गाल फुगायला लागला, तर ती बरी झाली असं समजू नका. आतली नस मेलेली असते आणि पू हाडातून बाहेर वाट काढत असतो.

म्हणून क्रम असा धरा. निखळलेला कायमचा दात: आत्ता, याच मिनिटाला. पसरणारी सूज किंवा न थांबणारं रक्त: आजच, आणि वेळ पडली तर डेंटल क्लिनिक सोडून थेट हॉस्पिटल. तुटलेला किंवा जागचा हललेला दात: शक्यतो आजच. नुसता ठणका: उद्या सकाळी पहिली अपॉइंटमेंट. निघालेली कॅप, टोचणारी तार: दोन-तीन दिवसांत.

मुळासकट निघालेला दात

आधी माणूस शुद्धीवर आहे ना ते बघा. मार डोक्यालाही बसला असेल, उलटी झाली असेल, बोलणं असंबद्ध वाटत असेल, तर दात दुधात टाका आणि हॉस्पिटल गाठा. दाताचं पुढचं पुढे बघता येईल.

मग दात दुधाचा की कायमचा हे ठरवा. सहा वर्षांखालच्या मुलाचा पुढचा दात जवळजवळ नक्की दुधाचा असतो: लहान, जास्त पांढरा. तो परत बसवायचा नाही. खाली हाडात कायमच्या दाताची कळी असते आणि वरून दाबल्यावर तिला इजा होते. रक्त थांबवा, मुलाला शांत करा, दात बरोबर घेऊन डॉक्टरांना दाखवा, बस. सात-आठ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात मोठा, किंचित पिवळसर आणि खालच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असलेला दिसला, तर तो नवा आलेला कायमचा दात. तो वाचवायचा.

दात उचलताना चकचकीत भागाला धरा, म्हणजे एरवी हसताना जो दिसतो त्या भागाला. पिवळट निमुळत्या मुळाला बोट लावू नका. मुळावर एक पातळ, ओलसर पापुद्रा असतो. उजेडात धरलं तर लालसर धाग्यांसारखा चिकटलेला दिसतो. सगळं काही त्या पापुद्र्यावर अवलंबून आहे. त्यातल्या पेशी जिवंत असल्या तरच दात हाडाशी परत जुळतो. घाण दिसली म्हणून आपण नेमका तोच पुसून काढतो: कुणी रुमालाने खसाखसा पुसतं, कुणी डेटॉलमध्ये बुडवतं, कुणी हळद चोपडतं. यातलं काहीच करू नका. माती लागली असेल तर नळाच्या बारीक धारेखाली फार तर १० सेकंद धरा. बेसिनच्या जाळीवर आधी वाटी ठेवा, नाहीतर हातातून सुटलेला दात थेट ड्रेनेजमध्ये जातो.

त्यानंतर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दात तिथल्या तिथे परत खाचेत बसवणं. ऐकायला अंगावर येतं, पण हातून होण्यासारखं आहे. जखमी माणसाला एक घोट पाणी तोंडात फिरवून टाकायला सांगा. दाताची बाहेरची बाजू फुगीर आणि गुळगुळीत असते, जिभेकडची खोलगट. शेजारच्या दाताशी ताडून बघा आणि फुगीर बाजू ओठाकडे ठेवा. मूळ खाचेच्या तोंडाशी लावून हळूहळू सरळ दाबा. शेजारच्या दाताच्या उंचीला आला की थांबा, घडी केलेला स्वच्छ रुमाल वर ठेवून तो चावून धरायला लावा आणि तसेच निघा. दात अडत असेल तर जोर लावू नका. उलटा तर धरला नाही ना एवढं बघा आणि तरीही जात नसेल तर दूध.

दूध थंड हवं, साधं हवं. पिशवीतलं चालतं, टेट्रापॅकमधलं चालतं, घरचं उकळून गार केलेलंही चालतं. गरम नको, साखर-हळद घातलेलं नको. दही आणि ताक आंबट असतं, म्हणून तेही नको. घरी असाल तर झाकणाच्या छोट्या डबीत दात बुडेल इतकं दूध घ्या. रस्त्यात असाल तर कोपऱ्यावरच्या दुकानातून फ्रिजमधली अर्ध्या लिटरची पिशवी घ्या, कोपरा कापा, दात आत सोडा, तोंड पिळून रबर लावा आणि पिशवी उभी धरून बसा. ठाण्याच्या घोडबंदर रोडला कासारवडवलीपासून गाड्यांच्या रांगेत अडकलात तरी दुधातला दात तेवढा दम धरतो. कोरड्या रुमालात बांधलेला धरत नाही.

दूध नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं सलाईन. तेही नसेल तर जखमी माणसाचीच लाळ: वाटीत थुंकायला लावा आणि दात त्यात ठेवा. जाणत्या माणसाने तो गाल आणि दाढा यांच्या मध्ये धरून ठेवला तरी चालतं. लहान मुलाला असं सांगू नका, गिळून टाकेल. साधं पाणी हा शेवटचा पर्याय, कारण पेशींच्या आत क्षार असतात, बाहेरच्या पाण्यात ते जवळजवळ नसतात. पाणी आत शिरतं, पेशी फुगतात आणि फुटतात. शहाळ्याच्या पाण्याबद्दल बरंच ऐकायला मिळतं. ते आंबटसर असतं, त्यामुळे दूध मिळत असताना त्याच्या वाटेला जाऊ नका.

वेळेचा हिशेब: पहिल्या १५ मिनिटांत खाचेत परत गेलेल्या दाताला सगळ्यात जास्त आशा. तासभर कोरडा राहिला तर पापुद्रा मेला असं धरायचं. तरीही दात फेकू नका. वाढत्या वयाच्या मुलात असा दातसुद्धा परत बसवून काही वर्षं जबड्याचं हाड टिकवता येतं. डॉक्टर तो बारीक, लवचीक तारेने शेजारच्या दातांना साधारण २ आठवडे बांधून ठेवतात. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर तेवढ्यातच रूट कॅनालही सुरू करतात. पडणं रस्त्यावर किंवा मैदानात झालं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा, विचारतातच.

दातच सापडत नसेल तर 'कुठेतरी पडला असेल' म्हणून विषय सोडू नका. तो हिरडीत आत घुसलेला असू शकतो, ओठाच्या जखमेत रुतलेला असू शकतो, गिळलेला असू शकतो किंवा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. अपघातानंतर खोकला लागला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, तर छातीचा एक्स-रे लगेच.

तुटलेला, हललेला, आत गेलेला

तुकडा मिळाला तर दुधात किंवा पाण्यात ठेवून न्या. बऱ्याचदा तोच परत चिकटवता येतो आणि रंग जुळवायची कटकट वाचते. तुटलेल्या जागेच्या मधोमध लालसर गुलाबी ठिपका दिसत असेल तर नस उघडी पडली आहे. मग उद्यावर ढकलू नका आणि त्यावर लवंगतेल तर मुळीच लावू नका. धार जिभेला कापत असेल तर मेणबत्तीचं गार मेण बोटांत मळून मऊ करा, तुटलेली कड कोरडी करा आणि मेण वर दाबून बसवा. जेवताना काढा, झोपताना काढा.

दात जागचा सरकला असेल तर बोटाने हलका दाब देऊन ओळीत येतो का बघा. नाही आला तर सोडून द्या. हिरडीत आत गेलेला दात ओढून काढायचा प्रयत्न करू नका. आणि वरचे-खालचे दात एकमेकांवर नेहमीसारखे बसतच नसतील, हनुवटी बधिर वाटत असेल, तर जबडा मोडलेला असू शकतो. असा माणूस क्लिनिकमध्ये नाही, हॉस्पिटलमध्ये न्यायचा.

सूज

यात घरगुती उपायांना फारशी जागा नाही. हॉस्पिटल कधी, एवढंच ओळखायचं. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते. जीभ वर उचलल्यासारखी झाली आहे, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतो. जबड्याखालची सूज कडक लागते आणि गळ्याकडे उतरते आहे. डोळा झाकत चालला आहे. थंडी वाजून ताप येतो. यातलं एकही असलं तर रात्र आहे की रविवार हे बघायचं नाही. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि गळ्यात पसरला की श्वासाची वाट दाबली जाते, आणि हे काही तासांत होऊ शकतं. १०८ लावा किंवा गाडी काढा. माणसाला बसतं ठेवा, आडवं करू नका. मधुमेह असेल तर लक्षणं सौम्य वाटली तरी वाट बघू नका.

गाल थोडासाच सुजला आहे, बाकी काही नाही, तर त्याच दिवशी डेंटिस्ट. तोवर बाहेरून गार शेक: बर्फ रुमालात गुंडाळून १० मिनिटं ठेवा, १० मिनिटं काढा. गरम पाण्याची पिशवी नको. शेकाने 'पिकून फुटेल' ही समजूत खरी आहे, गंमत तिथेच आहे: ते गालाच्या बाहेरच्या बाजूला फुटू शकतं आणि चेहऱ्यावर कायमचा खड्डा राहतो. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या मात्र चालतात. पेलाभर पाण्याला अर्धा चमचा मीठ.

रात्रीचा ठणका

आधी दोऱ्याने, म्हणजे फ्लॉसने, दोन्ही बाजूंच्या फटी साफ करा. बोंबलाचा काटा, मक्याचं साल, बडीशेपेचा दाणा हिरडीत रुतून असा काही ठणका देतो की दाढ किडल्यासारखी वाटावी. टाचणी आणि सेफ्टी पिनने कोरू नका. दाढेत खड्डा असेल तर मऊ ब्रशने त्यातलं अन्न काढा, कोमट पाण्याने चूळ भरा.

आडवं झाल्यावर ठणका वाढतो, कारण डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि दातातली सुजलेली नस कडक भिंतींच्या आत कोंडलेली असते, तिला फुगायला जागा नसते. दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसून झोपा. गरम चहाने कळ उठते आणि गार पाण्याचा घोट धरला की बरं वाटतं, अशी दाढ असेल तर नस वाचण्यापलीकडे गेलेली असते. गार पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा आणि सकाळी रूट कॅनालची मनाची तयारी करून जा.

लवंगतेल काम करतं. त्यातलं युजेनॉल नस थोडी बधिर करतं. पण बाटली उपडी करायची नसते. एक थेंब लवंगतेल, तीन-चार थेंब खोबरेल, इअरबडच्या कापसावर घेऊन फक्त खड्ड्यात टेकवा. हिरडीला लागलं तर ती पांढरी पडून सोलते. लहान मुलांना देऊ नका, पोटात गेलं तर विषारी ठरू शकतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना लवंगतेल लावल्याचं सांगा: युजेनॉल राहिलं तर दाताच्या रंगाचं फिलिंग नीट घट्ट होत नाही. ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी धरून ठेवण्याची पद्धत अजून आहे. गोळी आम्ल आहे. हिरडी भाजते, दाढ होती तशीच. कापूर, पेट्रोल, मिश्री, लसूण यांचंही तेच. आणि दाढेतून धुरी देऊन 'किडा काढून' दाखवणाऱ्याकडे जाण्याआधी एवढं लक्षात घ्या की दाताची कीड म्हणजे जिवाणूंच्या आम्लाने झिजलेला दात. तिथे अळी नसते.

गोळ्यांचं जरा तपशिलात. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिग्रॅ, दर ६ तासांनी, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन ५० किलोच्या आत असेल, यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर मात्रा कमी, ती डॉक्टरांना विचारून. दाताच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन जास्त गुणकारी, कारण ते सूज उतरवतं: ४०० मिग्रॅ, पोटभर खाल्ल्यावर, दर ८ तासांनी. दोन्ही एकत्र घेतली तर परिणाम आणखी चांगला. गडबड इथे होते: कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ हे दोन्ही आधीच असतात. त्यावर डोलो ६५० घेतली, सर्दीची गोळी घेतली, तर पॅरासिटामॉल तीन वाटांनी पोटात जातं आणि आपण म्हणतो, 'एकच तर गोळी घेतली'. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा आणि मिग्रॅची बेरीज करा.

आयबुप्रोफेन यांनी घेऊ नये: अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, गोळीने दमा उसळणारे, रक्त पातळ करण्याची औषधं चालू असलेले, गरोदर बायका. आणि पावसाळ्यात आणखी एक. ठाणे-नवी मुंबईत जुलै ते ऑक्टोबर डेंग्यूचे दिवस. दाढदुखीबरोबर जोराचा ताप, अंगदुखी असेल तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक सगळी बाजूला ठेवा. प्लेटलेट उतरलेल्या असतील तर रक्तस्राव होतो. फक्त पॅरासिटामॉल.

मुलांना पॅरासिटामॉल वजनावर: किलोला १५ मिग्रॅ, दर ६ तासांनी. सोळा किलोच्या मुलाला २४० मिग्रॅ. बाटलीवर ५ मिलीत १२० लिहिलं असेल तर १० मिली. ५ मिलीत २५० लिहिलं असेल तर पावणेपाच मिली. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असतात, त्यामुळे 'मागच्या वेळी दोन चमचे दिलं होतं' या आठवणीवर देऊ नका. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नको. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे.

अँटिबायोटिक मागू नका. केमिस्टकडून दोन दिवसांच्या गोळ्या सोडवून आणणं हा आपल्याकडचा नित्याचा उद्योग, पण नुसत्या ठणक्यावर त्यांचा उपयोग नाही. औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या नसेत रक्त पोचतच नाही. दाढ उघडून आतली घाण काढली की ठणका जातो.

आणखी एक ओळ, मोठ्या अक्षरांत वाचावी अशी: खालच्या जबड्यात कळ येते, जिना चढल्यावर वाढते, बसल्यावर उतरते, सोबत घाम, धाप, छातीत किंवा डाव्या हातात जडपणा असेल तर ती दाढ नाही, हृदय आहे. सरळ कार्डिॲक कॅज्युअल्टी.

दात काढल्यानंतर रक्त थांबत नाही

थुंकीत मिसळलेलं रक्त असतं त्यापेक्षा फार जास्त दिसतं. पहिले ८-१० तास लाळ गुलाबी राहणारच. तोंड सारखं भरत असेल तर सरळ बसा. निर्जंतुक गॉजचा तुकडा ओला करून पिळा, सुपारीएवढी घट्ट घडी करा, नेमकी खड्ड्यावर ठेवा आणि दाबून चावा. घड्याळ लावून ३० मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही. प्रत्येक वेळी बघताना जमलेली गुठळी गॉजबरोबर निघून येते आणि मोजणी पुन्हा शून्यावर. गॉज शेजारच्या दातांच्या पातळीच्या वर यायला हवा, नाहीतर चावलं तरी खड्ड्यावर दाब पडत नाही. याच चुकीने निम्मी रात्र जागून जाते. नाही थांबलं तर चहाची पुडी गरम पाण्यात भिजवा, गार करून पिळा आणि तशीच ३० मिनिटं चावून धरा. चहातलं टॅनिन रक्त गोठायला मदत करतं. सुटी चहापत्ती टाकू नका, खड्ड्यात भरते. दोन वेळा नीट दाबूनही वाहत असेल तर डॉक्टरांना फोन, फोन लागत नसेल तर हॉस्पिटल. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पहिले २४ तास गुळण्या नाहीत, थुंकणं नाही, शहाळं-सरबत स्ट्रॉने ओढणं नाही, तंबाखू-सिगारेट तर नाहीच. तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी कानापर्यंत चढलं आणि तोंडाला वास यायला लागला, तर गुठळी निघून हाड उघडं पडलं आहे. घरी गोळ्यांनी भागत नाही, खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरून घ्यावी लागते.

कॅप आणि तार

निघालेली कॅप फेव्हिक्विकने बसवू नका. हिरडी जळते, कॅप वाकडी चिकटते आणि नंतर तोडूनच काढावी लागते. आतून धुवा, कवळीच्या चिकट पावडरीचा पातळ थर द्या, हळू चावून बसवा. झोपताना काढून डबीत. ब्रेसेसची तार टोचत असेल तर पेन्सिलच्या मागच्या रबराने ती दाताकडे दाबा, वर मेण लावा. नेलकटरने कापायला जाऊ नका, तुकडा घशात जातो.

जायचं कुठे

सोमवार ते शनिवार दिवसा नवी मुंबईत डेंटल कॉलेजं हा मोठा आधार आहे: नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, कामोठ्याला एमजीएम. एका छताखाली सगळे विभाग आणि खर्च खासगीपेक्षा कमी. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची नेरुळ किंवा पनवेल गाडी धरली तर रस्त्याच्या कोंडीतून सुटका होते. रात्री किंवा रविवारी सूज, रक्त, अपघात असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा जवळचं मोठं खासगी हॉस्पिटल. निघण्याआधी कॅज्युअल्टीला फोन करून एकच विचारा: 'ओरल सर्जन ऑन कॉल आहेत का?' नाही म्हणाले तर दुसरीकडे लावा. मात्र श्वास किंवा गिळण्याचा त्रास असेल तर फोनाफोनी न करता जे सगळ्यात जवळ आहे तिथेच.

डॉक्टर फोनवर आले की पाच गोष्टी पटापट सांगा: वय, किती वाजता झालं, दात कशात ठेवला आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि आत्ता कोणती किती वाजता घेतली, कशाची ॲलर्जी. जमलं तर उजेडात ओठ बाजूला ओढून एक फोटो पाठवा. तुम्ही पोचेपर्यंत डॉक्टर सामान तयार ठेवतात आणि मग वेटिंग रूममध्ये बसावं लागत नाही.